पिवळी प्रत

१

देवगाव रंगारीचा कडुबा बायकोचा तेरावा उरकून तिसऱ्या दिवशी हर्सूलच्या डायलिसिस केंद्रात आला, उरलेले पैसे परत मागायला. एका डायलिसिसचे साडेतीनशे. दगडाबाईच्या बारा डायलिसिसचे चार हजार दोनशे त्यानं आगाऊ भरले होते. तीन झाले आणि ती गेली. खिडकीतून त्यानं पांढरी पावती आत सरकवली, नंबर २३१८. हिशेबनीस पुंडलिकरावांनी कपाटातून जुनं पावतीपुस्तक काढलं आणि त्याच नंबरची पिवळी प्रत उघडली. तिथं लिहिलं होतं: दगडाबाई, एक डायलिसिस, रुपये तीनशे पन्नास.

नाव तेच, तारीख तीच, नंबर तोच. फक्त रक्कम वेगळी. आणि दोन्हीवर सही एकच, सु. म. खिडकीवर बसणारी सुलेखा मगरे. संध्याकाळच्या आत तिला घरी बसवलं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी मला फोन आला. केंद्राचे अध्यक्ष बद्रीनाथअण्णा बोलत होते.

"मंजुषा मॅडम, फार काही काम नाही. बाईनं पैसे खाल्लेत. किती खाल्ले तेवढं काढून द्या. सोमवारी पोलिसांत कागद द्यायचाय."

माझं डोकं तिथंच तापलं. चौतीस वर्षं सरकारी लेखापरीक्षणात काढली मी. आधी निकाल लावून मग तपासणीला बोलावणारी माणसं ढिगानं पाहिलीत. त्यांना तपासणी नको असते, सही पाहिजे असते.

तरी गेले. अण्णांबद्दल मनात आदर होता हे कबूल करते. शेंद्र्याची जमीन कारखान्यांसाठी गेली तेव्हा आलेल्या पैशातून या माणसानं बंगला न बांधता चार खाटांचं डायलिसिस केंद्र काढलं. बायको मूत्रपिंडाच्या आजारानं गेली होती त्यांची. आता पंच्याहत्तरी ओलांडलेली, कानाला कमी ऐकू येतं. सगळा कारभार मुलगा बघतो, विश्वजीत, केंद्राचा सचिव. दोन फोन, पांढरे बूट, बोलणं एकदम गोड.

विश्वजीतनं मला बसवून समजावलं. "सोपं आहे मॅडम. पुस्तकात प्रत्येक नंबरची दोन पानं, वर पांढरं, खाली पिवळं, मधे कार्बन. पांढरं पेशंटला द्यायचं, पिवळं पुस्तकात राहतं. बाईनं कार्बन काढून पांढऱ्यावर बेचाळीसशे लिहिले. ते फाडून दिलं. मग कार्बन घातला, वर कोरा कागद ठेवला आणि पिवळ्यावर साडेतीनशे उठवले. मधले खिशात."

"तुम्हाला बरीच माहिती आहे हो," मी म्हटलं. तो हसला.

खोटं कशाला बोलू, मलाही ते पटण्यासारखं होतं. ही चोरी जुनी आहे. मी गेल्या वर्षाची पुस्तकं मागवली. भरलेली बारा, शंभर-शंभर पावत्यांची, आणि तेरावं अर्धं वापरलेलं, कालच जप्त केलेलं. एकेक चाळत गेले. पहिल्या पुस्तकात पहिल्या पिवळ्या पानाच्या कोपऱ्यात बोटाएवढा तांबूस डाग होता. दवाखान्यातली पुस्तकं, बेटाडिन सांडलं असेल. पुढं गेले. दुसरं पुस्तक, तिसरं, सातवं.

मग मी थांबले आणि पुन्हा पहिल्यापासून चाळायला लागले, कारण काहीतरी कमी होतं.

खिडकीवर गर्दी असते. खेड्यातली माणसं, एकाच नावाच्या चार बाया. नाव चुकतं, रक्कम चुकते. चुकलेली पावती फाडून फेकता येत नाही. तिच्यावर आडवी रेघ मारून 'रद्द' लिहायचं आणि पांढरं पिवळ्याला टाचून पुस्तकातच ठेवायचं, हा नियम. भरलेल्या बारा पुस्तकांत बाराशे पावत्या होत्या आणि रद्द एकही नव्हती. अर्ध्या वापरलेल्या तेराव्यात मात्र चार होत्या, नीट टाचलेल्या.

वर्षभर न चुकणारी बाई या महिन्यात चार वेळा चुकली होती.

२

सुलेखाचं घर हर्सूलमध्येच, तलावाकडं जाणाऱ्या एका बोळात. दोन खोल्या. समोरच्या भिंतीला बाबासाहेबांचा फोटो, खाली बुद्धाची लहानशी मूर्ती, बाजूला मुलीची टेबलावर रचलेली पुस्तकं. नवरा तीन वर्षांमागं वारलेला. मुलगी संस्कृती बारावी कॉमर्सला. कॉलेजच्या वेळेला ती घरात बसलेली पाहून मी कारण विचारलं.

"सकाळी गेली व्हती, तशीच माघारी आली," सुलेखा म्हणाली. "केंद्रातल्या आयाची पोरगी तिच्याच वर्गात आहे. वर्गात घुसल्या घुसल्या 'चोराची पोरगी' म्हणली."

संस्कृती मान खाली घालून वहीवर रेघा मारत होती.

"सुलेखाबाई, मी तुमच्या बाजूनं आलेली नाही," मी सरळ सांगितलं. "विरुद्धही नाही. विचारीन त्याचं खरं उत्तर द्या. कडुबाकडून किती घेतले?"

"बेचाळीसशे. पावतीवर लिव्हलेत तेवढेच."

"मग पिवळीवर साडेतीनशे कसे?"

"मला कुणी दाखवलीच नाय पिवळी. विचारलंबी नाय. पुंडलिकराव आले, म्हणले ऊठ, पिशवी घे आणि घरी जा." तिचा आवाज चढला. "मॅडम, नऊ वर्षं झाली मला त्या खिडकीत. एवढी नऊ वर्षं कुणाचा एक रुपया इकडचा तिकडं केला नाय म्या, आणि मला साधं विचारायलाबी नाय पाहिजे?"

"पावत्या रद्द व्हायच्या का तुमच्याकडून?"

"लई व्हायच्या! आठवड्याला दोन-तीन तरी. लोकं नाव एक सांगतेत, कार्डावर दुसरंच राहतं. टाचून ठेवायची म्या."

आठवड्याला दोन-तीन, म्हणजे वर्षाला शे-सव्वाशे रद्द पावत्या. पुस्तकात शून्य.

"आणि रोजचे पैसे?"

"संध्याकाळी पुस्तक आणि पैसे पुंडलिकरावांच्या हवाली. ते मोजून घ्यायचे, वहीत चढवायचे."

"त्यांनी मोजून घेतले याची तुमच्याकडं काही पोच? सही?"

ती हळूच म्हणाली, "एकदा मागितली व्हती. पहिल्याच वर्षी. ते हसले. म्हणले, घरच्या घरात कुठं पावती असती का? इस्वास नाय का आमच्यावर? मग पुन्हा नाय मागितली. लाज वाटली मला."

हात कपाळावर मारून घ्यावासा वाटला. अर्ध्या जिल्ह्याला पावत्या फाडून देणारी बाई, स्वतः रोज हजारो रुपये देत होती आणि हातात कागदाचा कपटा नाही. उद्या पुंडलिकराव म्हणाले की तिनं एवढेच दिले, तर तिच्याकडं तोंडाशिवाय काही नव्हतं. आणि खिडकीवरच्या बाईच्या तोंडाला कोण किंमत देतं?

"सोमवारी पोलीस येणार का मॅडम?" तिनं विचारलं.

"मी काही शोधलं नाही तर येतील," मी म्हटलं.

३

दुपारी पुन्हा केंद्रात गेले. जुन्या पुस्तकांचं कपाट भांडारात आहे आणि त्याच्या तीन किल्ल्या आहेत. एक पुंडलिकरावांकडं, एक विश्वजीतकडं, एक अमृताकडं. ही अमृता म्हणजे मशीनवरची मुख्य तंत्रज्ञ; किल्ली तिच्याकडं, कारण तिची औषधंही त्याच भांडारात असतात. सुलेखाकडं किल्ली नव्हती.

अमृताच्या हातमोज्यांवर, टेबलावर, रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर, जिथं तिथं बेटाडिनचे डाग. मला तो पावतीपुस्तकातला डाग आठवला.

"तुम्ही जुनी पावतीपुस्तकं हाताळता?"

"मी कशाला? मला सुया टोचायला वेळ पुरत नाही." फटकळ बाई. मला आवडली. "पैशाचं मला विचारू नका. माझ्याकडं फक्त किती डायलिसिस झाले त्याचं रजिस्टर. वर्षात दोन हजार सहाशे चाळीस. एकही इकडंतिकडं नाही."

मी पिवळ्या प्रतींची बेरीज करून ठेवली होती. त्यांच्यावरून पैसे आले होते पंधराशे चाळीस डायलिसिसचे.

"मग बाकीचे अकराशे?"

"ते मोफत," अमृता म्हणाली. "अहवालात छापलंय की. अकराशे गरिबांना मोफत डायलिसिस. शेंद्र्याच्या एका कंपनीनं त्यावरच तर देणगी दिली." तिनं हातमोजे काढले. "खरं सांगू का? मोफत कुणाचं झालेलं मी तरी पाहिलं नाही. प्रत्येक जण खिडकीवरून पावती घेऊनच आत येतो. मी म्हटलं, असेल वरच्या लोकांचं काहीतरी."

अकराशे गुणिले साडेतीनशे. तीन लाख पंच्याऐंशी हजार. मी ते वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

पुंडलिकरावांच्या खोलीत उदबत्तीचा वास होता. एकतीस वर्षांचा अनुभव, आधी एका अडत दुकानात, मग इथं. चहा मागवला, बिस्किटं मागवली. रोकडवही अशी देखणी की दृष्ट लागावी. पहिल्या पानावर 'श्री', त्याच्या शेजारी हळदीकुंकवाचं बोट.

"अक्षर सुंदर आहे तुमचं," मी म्हटलं.

"सवय हो मॅडम. देवाला हात जोडल्याशिवाय नव्या वहीला लेखणी लावली नाही कधी." मग आवाज खाली आणून म्हणाले, "त्या बाईचं वाईट वाटतं. पण काय असतं ना, त्या लोकांना एकदम पैशाच्या जागी बसवायला नको होतं. अण्णा दयाळू पडले."

"कोणत्या लोकांना?"

"तुम्हाला कळलंय मॅडम."

कळलं होतं. चहा तसाच ठेवून मी उठले. सगळी पुस्तकं बाहेर न्यायची म्हणाले, तर त्यांनी आढेवेढे घेतले. मी तेरा पुस्तकांची पोच लिहून त्यांच्या हातात दिली आणि पिशवी उचलली.

४

शनिवारी सकाळी एसटीनं देवगाव रंगारी. कडुबाचं बसस्टँडमागं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान. मला पाहिल्यावर आधी तो घाबरला.

"पैसे नाय दिले तरी चालतंय मॅडम. पण म्या खोटी पावती नाय आणली. आईची आण."

"तुम्ही नाही आणली," मी म्हटलं. "मला तुमच्यासारख्या आणखी पावत्या पाहिजेत. केंद्रात जाणारी जेवढी घरं आहेत तेवढ्यांच्या."

त्यानं दुकान बंद केलं आणि दोन तास माझ्याबरोबर फिरला. मी घरोघर एकच गोष्ट मागत होते, पांढरी पावती. कुणी रेशनकार्डाच्या पिशवीतून काढली, कुणी देव्हाऱ्याखालून, एका घरातून पत्र्याच्या पेटीतून रिपोर्टांसकट अख्खी चळत निघाली. शिक्क्याचा कागद फेकायचा नाही हे या माणसांना चांगलं कळतं. अडाणी म्हणतो आपण त्यांना. भरलेल्या बारा पुस्तकांतल्या एकूण सत्तावीस पावत्या जमल्या. एकवीस आगाऊ भरलेल्या, मोठ्या रकमांच्या. पुस्तकातल्या पिवळ्यांवर त्या सगळ्या साडेतीनशेच्या.

उरलेल्या सहा मात्र मुळातच साडेतीनशेच्या होत्या. पांढरीवरही तेवढेच, पिवळीवरही तेवढेच. चोरी नाही, भानगड नाही. आणि माझं काम झालं ते त्या सहा पावत्यांनी.

सारजाबाई म्हणून एक म्हातारी होती. तिची साधी पावती, एक डायलिसिस, साडेतीनशे. मी तिच्या अंगणात उन्हात उभी राहिले. पुस्तकातलं तिचं पिवळं पान वर धरलं, त्यावर पांढरी ठेवली, छापील रेघेवर रेघ जुळवली आणि दोन्ही सूर्याकडं केली.

कार्बन घालून लिहिलं की खालचं अक्षर वरच्याच्या बरोबर खाली उमटतं. काना कान्याखाली, वेलांटी वेलांटीखाली. हात एकच आणि फटकाराही एकच असतो, त्यात फरक पडूच शकत नाही. इथं सारजाबाईचा 'सा' पिवळ्यावर बोटभर उजवीकडं होता. तारीख तिरकी. सही खाली घसरलेली.

"काय झालं मॅडम?" कडुबानं विचारलं.

मी बाकीच्या पाचही लावून पाहिल्या. एकही जुळेना. मग तेराव्या, अर्ध्या पुस्तकातली एक लावली, त्या पेटीवाल्या घरातली परवाचीच. ती तंतोतंत जुळली.

"कडुबा, समजा तुम्ही चोर आहात," मी म्हटलं. "चार हजारांच्या पावतीत घोळ कराल. पण जिथं खायचंच नाही त्या साडेतीनशेच्या पावतीची खालची प्रत मुद्दाम वेगळी कशाला लिहाल?"

त्यानं डोकं खाजवलं. "काहून लिव्हीन? उगाच डोक्याला ताप."

"मग ही सगळीच पुन्हा लिहिलीत," मी म्हटलं. "तुमची पांढरी खरी आहे. ही पिवळी खोटी आहेत. बाराच्या बारा पुस्तकं."

म्हणजे सुलेखानं लिहिलेली खरी पुस्तकं आता या जगात नव्हती. कुणीतरी तेच नंबर पुन्हा छापून, त्याच नावांनी, कमी रकमा घालून अख्खं वर्ष नव्यानं लिहिलं होतं आणि पांढरी पानं फाडून टाकली होती. निवांत बसून लिहिलं, म्हणून एक चूक नाही, एक रद्द नाही.

आणि छापली कुठं, ते प्रत्येक पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर बारीक अक्षरात होतंच.

५

गुलमंडीमागच्या बोळातली छोटी प्रेस. मालक म्हातारेसे मियाँ, शुक्रवारी बंद ठेवणारे, म्हणून रविवारी उघडे. केंद्राच्या फायलीतलं बिल मी पुढं ठेवलं, पावतीपुस्तकं पंधरा.

"चाचा, इतनीच छापी थी?"

त्यांनी चष्मा वर केला. "बिल तो पंद्रा का बनाया. किताबां तीस थे. बोले, पहले के भीग गए, वोइच नंबर फिर से मारो. पैसे नगद दिए, बोले इसका बिल नक्को."

"कौन बोले?"

"भैया. खुद गाडी लेके आए थे." खणातून त्यांनी माल दिल्याच्या पोचेची वही काढली. बिल नको म्हणणाऱ्यालाही माल नेताना इथं सही करावीच लागते, हा चाचांचा रिवाज. दोन वेळा पंधरा-पंधरा पुस्तकं, दोन्हीखाली सही: विश्वजीत. मी फोनमध्ये फोटो काढून घेतला.

"मैं तो छापनेवाला आदमी हूँ मॅडम," चाचा म्हणाले. "मेरेकू लफडा नक्को."

विश्वजीतनं छापून घेतली, ठीक. पण हा माणूस बसून बाराशे पावत्या लिहिणाऱ्यातला नव्हता. त्याचं लग्नाच्या पत्रिकेवरचं नावही दुसरा कुणी लिहीत असेल. मग लिहिल्या कुणी? किल्ली तिघांकडं होती. कार्बनच्या पुसट अक्षरावरून हात ओळखता येत नाही.

घरी येऊन सगळी पुस्तकं जेवणाच्या टेबलावर मांडली. तो तांबूस डाग पहिल्याच पुस्तकात नव्हता, बाराही पुस्तकांत होता. पहिल्याच पानावर, त्याच कोपऱ्यात. बेटाडिन असं ठरवून सांडत नाही. मी बोट ओलं करून घासलं. बेटाडिन कागदात मुरतं, निघत नाही. हे निघालं. माझं बोट लाल झालं, कडेला पिवळसर.

हळदकुंकू!

तेरावं पुस्तक पाहिलं, सुलेखानं स्वतः सुरू केलेलं. पहिलं पान कोरं स्वच्छ. प्रेसमधून आलेली बंद पुस्तकं तिला तशीच दिली जायची. ती कशाला कुंकू लावेल? तिच्या घरात ते नाहीच. अमृता सुया टोचायची सोडून पूजा करत बसणार नाही. राहिला एकच माणूस, देवाला हात जोडल्याशिवाय नव्या वहीला लेखणी न लावणारा.

मला हसू आलं आणि मग इतका संताप आला की पुस्तक टेबलावर आपटलं. एका बाईला तुरुंगात पाठवणारं खोटं लिहायला बसताना ह्या माणसानं आधी देवाला बोलावलं होतं, तेही बारा वेळा!

६

सोमवारी अण्णांच्या खोलीत आम्ही चौघं. अण्णा, विश्वजीत, पुंडलिकराव आणि मी. सुलेखाला मी बोलावलं होतं. तिला बाहेरच्या बाकड्यावर बसवलं गेलं, आत नाही.

मी एकेक मांडत गेले. एकही रद्द पावती नसलेली बारा पुस्तकं. सारजाबाईची न जुळणारी प्रत. चाचांच्या वहीतली सही. मग पहिलं पुस्तक पुंडलिकरावांसमोर उघडून ठेवलं आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"हे काय आहे पुंडलिकराव?"

त्यांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"भैया म्हणाले, अण्णांना माहीत आहे," ते शेवटी पुटपुटले. "पोराला शेंद्र्यात चिकटवून दिलं त्यांनी. मी नाही कसं म्हणणार होतो? पैसे मी घेतले नाहीत. देवाशपथ."

"देवाचं नाव काढू नका," मी म्हणाले. "त्याला पुरेसं राबवलंय तुम्ही."

अण्णा मुलाकडं बघत होते. मी मुद्दाम मोठ्यानं सांगितलं, त्यांना ऐकू जावं म्हणून. "अण्णा, तुमच्या अहवालातल्या अकराशे मोफत डायलिसिसपैकी एकही मोफत नव्हतं. गरिबांनी पूर्ण पैसे मोजले. ते पैसे तुमच्या मुलानं घेतले, आणि वर त्यांना फुकट दिलं म्हणून कंपनीकडून देणगीही घेतली."

"डायलिसिस तर झालंच ना लोकांचं?" विश्वजीत म्हणाला. "कुणाचं काय बुडालं?"

"सुलेखाबाईंचं बुडत होतं! तिला आत टाकायला निघाला होतात तुम्ही!"

अण्णांनी हात वर केला. मला वाटलं, आता हा म्हातारा उठेल, मुलाच्या कानाखाली वाजवेल. खरंच वाटलं होतं. ते बसल्या जागी अजून लहान झाले.

"पोलिसांत काही जाणार नाही," ते म्हणाले. "पैसे मी भरतो. त्या कडुबाचेही देऊन टाका. पुंडलिकराव उद्यापासून येणार नाहीत. केंद्राचं नाव खराब झालं तर खाटा बंद पडतील मॅडम. मरतील माणसं. समजून घ्या."

"आणि विश्वजीत?"

त्यांनी टेबलावरची पावतीपुस्तकं एकावर एक रचायला घेतली.

"आणि सुलेखा?"

"तिला आता परत ठेवणं बरं दिसणार नाही. लोक प्रश्न विचारतील. दोन महिन्यांचा पगार देऊ."

मी दार उघडून सुलेखाला आत घेतलं. तिनं सगळं ऐकलं. रडली नाही, भांडली नाही. फक्त म्हणाली, "अण्णा, मला एका ओळीचं लिव्हून द्या. मी चोरी केली नाय म्हणून. पोरीला दाखवायचंय."

"सांगितलं ना तोंडानं," विश्वजीत म्हणाला. "लेखी कशाला? पुढं कुठं वापराल, काय कराल."

अण्णा खिडकीबाहेर बघत होते. सुलेखा निघून गेली.

मग विश्वजीतनं माझ्या फीचं पाकीट पुढं केलं. बरोबर खर्चाचं व्हाउचर, वर 'तपासणी फी' लिहिलेलं, खाली पैसे घेणाऱ्याची सही आणि अध्यक्षांची सही अशा दोन जागा. माझ्या सहीशिवाय तो खर्च त्यांना दाखवता येत नव्हता.

"तपशील अपुरा आहे," मी म्हटलं. पेन काढलं आणि 'तपासणी फी'पुढं लिहिलं: 'या तपासणीत केंद्राच्या कर्मचारी श्रीमती सुलेखा मगरे यांनी कोणतीही रक्कम घेतली नसल्याचे व पावतीपुस्तके इतरांनी बदलल्याचे सिद्ध झाले, त्या अहवालाबद्दल.' सही केली आणि कागद अण्णांकडं सरकवला. "आता तुम्ही. नाहीतर पैसे परत घ्या, आणि मी इथून सरळ त्या कंपनीत जाते."

विश्वजीत वाचून भडकला. अण्णांनी त्याच्या हातातून कागद ओढला, बराच वेळ डोळ्यांजवळ धरला आणि सही केली. "असू दे," ते मुलाला म्हणाले. "व्हाउचर कोण वाचतंय?"

शिक्का मी स्वतः मारला. खालच्या झेरॉक्सच्या दुकानात दोन प्रती काढल्या, मूळ त्यांच्या फायलीत लावून आले.

७

प्रत घेऊन मी हर्सूलच्या त्या बोळात गेले. सुलेखानं कागद हातात घेतला, पण तिची नजर आधी मजकुरावर गेली नाही. ती रकमेवर गेली.

"बारा हजार," ती म्हणाली. "तीन दिवसांचे?"

"हो."

"मला महिन्याला नऊ भेटायचे."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी पर्समधलं पाकीट काढलं, तर तिनं माझा हात धरून ते परत आत ठेवायला लावलं. "तुमची मेहनत आहे मॅडम. मला नको."

मग संस्कृतीनं कागद घेतला. कॉमर्सची पोरगी, व्हाउचर म्हणजे काय तिला सांगावं लागलं नाही. तपशिलाची ओळ तिनं मोठ्यानं वाचली, सही पाहिली, शिक्का पाहिला. पुन्हा एकदा वाचली. चार दिवसांत पहिल्यांदा त्या पोरीच्या तोंडावर जीव आला.

"मम्मी, हे उद्या कॉलेजात नेऊ? वर्गात दाखवते सगळ्यांना."

सुलेखानं तिच्या हातातून कागद घेतला, घडी घातली आणि पुस्तकांच्या खाली सरकवला.

"कशाला?" ती म्हणाली. "चोर म्हणताना त्यांना कुठं कागद लागला व्हता?"